टाळी सोडू नका

मेस्त्रींच्या गोलाला बघे चालत नसत. कोणी कडेला हाताची घडी घालून उभं राहिलं, की ते वाजवता वाजवता ओरडत, "बघूक टीव्ही आसा घरात! हयसर हात होये!" मग तो पालक असो, शाळेचा शिपाई असो की चुकून आत आलेला कुरियरवाला, त्याला टाळी धरावीच लागे.

चारकोपच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ते कापोएरा शिकवत. ही ब्राझीलची कला, अर्धी मारामारी आणि अर्धा नाच. बाकीच्यांनी गोल करून टाळ्या वाजवत गायचं आणि मध्ये दोघांनी खेळायचं. मेस्त्री हे त्यांचं आडनाव, वडील मालवणकडचे खरोखरीचे सुतार. ब्राझीलमध्ये गुरूला म्हणतात तो शब्दही जवळजवळ हाच, त्यामुळे "माका पदवी जन्मताच गावली" असं ते सांगायचे. पन्नाशी उलटलेली, अंग काटक, आणि हातात बेरिंबाव. म्हणजे एक तार ताणलेलं धनुष्य आणि त्याला बांधलेला सुका भोपळा. ते धनुष्य त्यांनी गावच्या बांबूचं स्वतः तासलेलं होतं. लहानथोर सगळ्यांशी त्यांचं अरे-तुरेच.

माझी मुलगी गार्गी नऊ वर्षांची असताना त्यांच्याकडे जाऊ लागली. तिच्या हट्टापायी मीही पालकांच्या वर्गात नाव घातलं. पवईच्या ऑफिसात प्रोजेक्ट सांभाळणारा मी, रविवारीही फोनला बांधलेला. बारापैकी चार तासांना गेलो असेन. पहिल्याच दिवशी पाय मागून ओढला गेला तेव्हा पडू नये म्हणून मी अंग ताठ केलं आणि जास्तच जोरात आपटलो. मेस्त्री वाकून म्हणाले, "आधी पडूक शिक रे. उभे काय सगळेच रवतत." मला ते कसरतीपुरतंच वाटलं.

वर्षातून एकदा दोन दिवसांचा पदवीचा सोहळा असे. शनिवारी बाहेरून आलेल्या शिक्षकांचे वर्ग आणि रविवारी नव्या रंगाच्या दोऱ्या. प्रत्येक मूल पाहुण्या शिक्षकाबरोबर खेळायचं, शिक्षक त्याला अलगद पाडायचा, मग कमरेला दोरी बांधली जायची. ती कोणी बांधायची हे मुलाने ठरवायचं. फॉर्ममध्ये तशी एक ओळच होती. गार्गीने तिथे 'बाबा' लिहिलं आणि आठवडाभर माझ्याकडून पायजम्याच्या नाडीवर गाठीची तालीम करून घेतली.

शनिवारी पालकांच्या वर्गात मी झकास पडलो, खुशीत घरी आलो. रविवारी गार्गीची पाळी सगळ्यात शेवटी होती. तिच्या आधी तीन मुलं असताना फोन वाजला. साहेबांचा होता. "दोन मिनिटं, आलोच," म्हणून मी जिन्यात गेलो.

परत आलो तेव्हा गार्गीच्या कमरेला दोरी होती. मेस्त्रींनी बांधलेली. गोल मोडला होता, लोक चहा पीत होते. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि बेरिंबावची तार सैल करायला घेतली. कॉल किती वेळ चालला ते फोनवर लिहिलेलं होतं. मी ते पाहिलंही होतं. बावीस मिनिटं.

माझी बायको शिल्पा नर्स आहे, तिची त्या दिवशी ड्यूटी होती. संध्याकाळी आल्या आल्या तिने विचारलं, "काय मग, बांधलीस दोरी?" मी म्हणालो, "अगं कसली! दोन मिनिटं बाहेर गेलो, तेवढ्यात त्यांनी उरकून टाकलं." शिल्पा भडकली. "असं कसं? पोरीने आठवडाभर जीव काढला! तू लिही शाळेला." गार्गी समोर बसून वरणभात खात होती. तिने मान वर केली नाही.

आणि मी लिहिलं. शाळेच्या समितीला चांगला दीड पानी मेल. नियोजनाचा अभाव, पालकांच्या वेळेची बेपर्वाई, एका बालिकेचा हिरावलेला क्षण. बायकोसमोर तोंड राहावं एवढ्यासाठी मी एका माणसाचं नाव खराब केलं. समितीला हॉल दुसऱ्या कुणाला द्यायचाच होता की काय, कोण जाणे. दोन आठवड्यांत मेस्त्रींना जागा सोडायला सांगितलं.

त्यानंतर एका आईने सोहळ्याचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. गार्गीचा खेळ होतो, ती पडते, उठते, दाराकडे बघते. मेस्त्री थांबत नाहीत, दुसरं गाणं उचलतात. मग तिसरं. बायका दुखरे हात चोळू लागतात, एक पाहुणा घड्याळ बघतो. मेस्त्रींचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, "टाळी सोडू नका! बापूस येतलो तिचो." गोलाच्या मध्ये गार्गी दोरी हातात धरून उभी. शेवटी तीच त्यांच्याकडे जाते आणि दोरी पुढे करते.

ते बघताना मला माझीच किळस आली.

पुढच्या रविवारी मी गार्गीला घेऊन हॉलवर गेलो. तिला दाराशी उभं केलं. मेस्त्री आत सामान बांधत होते. मी म्हणालो, "मेस्त्री, ती तक्रार माझी होती."

"वाचलंय मी तुझो मेल," ते म्हणाले. "भाषा बरी आसा तुझी."

"चुकलो मी. खोटं लिहिलं."

त्यांनी भोपळे एका चादरीत गुंडाळले, गाठ मारली. "माका कित्याक सांगतंस? पोरगी भायर उभी आसा. तिका सांग."

परतताना रिक्षात मी तिला सांगितलं. ती बाहेर बघत होती. "मला माहितीये, बाबा. मी तिथेच होते ना." मग म्हणाली, "तू आईला सांग." आईला सांगायला मला आणखी चार दिवस लागले. समितीलाही दुसरा मेल लिहिला, पण तोवर हॉलमध्ये झुंबाचा वर्ग सुरू झाला होता.

मेस्त्री जवळच्या उद्यानाच्या फरसबंदीवर शिकवू लागले. चाळिसातली अकरा मुलं उरली. मी एकही रविवार चुकवला नाही, फोन घरी ठेवून जायचो. मेस्त्री पूर्वीसारखेच माझ्यावर ओरडत, आणि त्या मेलचा शब्द त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षीचा सोहळा तिथेच झाला. चारकोपमधला तो त्यांचा शेवटचा. नंतर ते गावी गेले ते गेलेच. आदल्या रात्री गार्गीचा फॉर्म जेवणाच्या टेबलावर पडला होता. दोरी कोण बांधणार, या ओळीपुढे तिने सुवाच्य अक्षरात 'मेस्त्री' लिहिलं होतं. फॉर्मखाली पालकाची सही हवी होती. मी केली.

दुसऱ्या दिवशी ती खेळली, पडली, हसत उठली. मेस्त्रींनी बेरिंबाव दुसऱ्याच्या हाती दिलं आणि तिच्या कमरेला दोरी बांधायला वाकले. मी गोलात समोरच होतो. माझी टाळी जरा मंदावली असावी, कारण गाठ मारता मारता, मान वर न करता ते ओरडले, "बापूस! हात!"

मी जोरात टाळी धरली.