मृदंगाची कणीक

कणीक भिजवताना तिचा ओला वास आला की मला बाहत्तरच्या दुष्काळातलं आमचं तिसगावाकडचं देऊळ आठवतं. देऊळ म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं, तापल्या पत्र्याचं. तिथं पेटीबिटी नव्हती, सगळं भजन मृदंगावर चालायचं. आता मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, म्हणून दर रविवारी आमच्या घरून गोळा जायचा. घरोघरी रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी, गहू औषधापुरता, आणि मृदंग वाजवणारा गडी मात्र उपासना झाली की कणीक खरवडून फडक्यात बांधून न्यायचा. सासूबाईंच्या मनात किंतू आला. "ह्यो देवासाठी येतो का गोळ्यासाठी, कळत न्हाई बाई," म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी त्यांनी कणकेत चुलीतली राख मळली. त्यानं गोळा हातात घेतला नि विचारलं, "आत्याबाई, राख कशापायी?" "चिकटायला बरी आसती." त्या दिवशी त्यानं असं वाजवलं की पत्रा थरथरला. मग कणीक खरवडली आणि सगळ्यांदेखत कोंबड्यांपुढं टाकली. तेव्हापासून तो कणीक आपल्या घरूनच आणू लागला, तर सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता ह्याच्याकडं पीठ आलं कुठून गं?" पुढं बऱ्याच वर्षांनी सासूबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या मातीला भजन म्हणायला तोच गडी मृदंग घेऊन आला. गडबडीत गोळा मी मळून दिला. त्यानं तो आधी चिमटीत चोळून पाहिला, मगच लावला. मला त्याचा राग आला नाही, अजूनही येत नाही.