येऊ दे, राहू दे, जाऊ दे

उलटेमामा हे नाव स्वभावावरून पडलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. स्वभाव थोडा तसा होता, नाही असं नाही. पण नाव पडलं ते धंद्यावरून. एका मोठ्या तळ्याकाठी होड्या ओढायचं काम त्यांचं. कारखान्यात होडी ट्रेलरवर चढवायची, ट्रेलर पिकअपला जोडायचा, धक्क्यावर न्यायचा आणि मग उतरणीवरून गाडी उलटी घेत घेत होडी पाण्यात सोडायची. ट्रेलर उलटा घेणं ही काय चीज आहे ते ज्याने घेतलाय त्यालाच ठाऊक. ट्रेलर डावीकडे न्यायचा असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि बोटभर जास्त फिरलं की तो दुमडून गाडीच्याच अंगावर येतो. भलेभले ड्रायव्हर त्या उतरणीवर रडकुंडीला आलेले लोकांनी पाहिलेत. मामा मात्र पान उलटावं तसा ट्रेलर उलटा घ्यायचे.

आता यातली अर्धी करामत मामींची होती, पण ते कोणी बोलत नसे, आणि मामा तर मुळीच नाही. होडी गाडीपेक्षा रुंद. आरशात बघावं तर नुसतं होडीचं पोट. मागे पाणी आहे, खांब आहे की कोणाचं कुत्रं झोपलंय, कशाचा पत्ता नाही. म्हणून मामी मागे उभ्या राहून ओरडायच्या. शब्द तीनच. 'येऊ दे' म्हणजे गाडी मागे घ्या. 'राहू दे' म्हणजे थांबा. होडी तरंगली आणि ट्रेलरवरून सुटली की 'जाऊ दे', म्हणजे गाडी पुढे काढा. या तीन शब्दांवर त्या दोघांनी शेकडो होड्या पाण्यात सोडल्या होत्या. धक्क्यावरचे लोक गमतीने म्हणायचे की यांचा संसारसुद्धा एवढ्यावरच चाललाय. जेवताना मामी वाढायला लागल्या की मामा 'येऊ दे', पोट भरलं की 'राहू दे', आणि भांडण झालं की मामी 'जाऊ दे' म्हणणार आणि विषय संपणार.

घात झाला तो मामांच्या कानांचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजवा गेलाच आहे आणि डावा त्याच्या मागोमाग निघालाय. मामांनी हे कोणाला सांगितलं नाही. घरी टीव्हीचा आवाज वाढवत नेला, कोणी काही विचारलं तर मान हलवायची सवय लावून घेतली. माणूस एवढा हट्टी की कानात काही घालायला तयार नाही. पण इंजिनाच्या घरघरीत आणि तळ्यावरच्या वाऱ्यात मामींच्या ओरडण्यातलं जे काय त्यांच्यापर्यंत पोचायचं ते फक्त शेपूट. नुसतं 'ऊ दे'. आता 'येऊ दे' काय आणि 'राहू दे' काय, शेपूट दोन्हींचं एकच.

गेल्या हंगामात व्हायचं तेच झालं. त्या उतरणीची एका बाजूची कड पाण्याखाली तुटलेली होती. वरून काही दिसायचं नाही, नुसतं शांत पाणी. ट्रेलरचं चाक त्या कडेवरून खाली गेलं, होडी कलंडली आणि खांबावर आपटून तिची एक बाजू फाटली. मामा गाडीतून उतरले आणि जमलेल्या सगळ्या लोकांसमोर मामींना म्हणाले, "तू येऊ दे म्हणालीस."

मामी गुडघ्यापर्यंत ओल्या उभ्या होत्या. त्या मामांकडे बघत राहिल्या आणि मग एवढंच म्हणाल्या की जाऊ दे. लोकांना वाटलं, चूक बाईचीच. मामांनाही हळूहळू तसंच वाटायला लागलं, कारण तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

त्यानंतर कामं आटली. लोक तोंडावर गोड बोलायचे आणि होडी दुसऱ्याकडे द्यायचे. मामांचा दोस्त, होड्या बांधणारा मिस्त्री, तेवढा राहिला. त्याने त्या वर्षी आयुष्यातली सगळ्यात मोठी होडी बांधली होती, पलीकडच्या काठावरच्या आजाऱ्यांना दवाखान्यात आणायला. ती पाण्यात सोडायचं काम त्याने मामांनाच दिलं, पण देताना त्याची नजर जमिनीकडे होती. मामा काय ते समजले. ही होडी नीट उतरली तर धंदा राहिला, आणि हिला ओरखडा जरी आला तरी उलटेमामांनी पिकअप विकून घरी बसायचं.

मामांची लेक शहरात गाड्या दुरुस्त करते. तिने हे ऐकलं आणि जुनी गाडी बदलून एक नवी पिकअप घेऊन आली. गाडीला मागे कॅमेरा, आरशांखाली कॅमेरे, आणि वर तिने ट्रेलरच्या शेपटाला एक खांब ठोकून त्याच्या टोकाला, पाण्यात बुडणार नाही एवढ्या उंचीवर, आणखी एक कॅमेरा बसवला. बापाला समोर बसवून तिने सांगितलं की गाडीचा कॅमेरा आणि ट्रेलरचा कॅमेरा मिळून असं चित्र करतात की पडद्यावरून ट्रेलर गायबच होतो. मामा म्हणाले की ट्रेलर गायब करायला आपण काय जादूगार आहोत, आणि ट्रेलर गायब झाला तर भाडं कसलं मागायचं. लेकीने कपाळाला हात लावला.

पण पहिल्यांदा ट्रेलर जोडायला गेले तेव्हा मामांची बोलती बंद झाली. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरचं तोंड बरोब्बर बसावं लागतं. दरवेळी मामी मागे वाकून 'अजून जरा, अहो जरा म्हटलं, हे काय जरा झालं' करायच्या, आणि मामींच्या अंगठ्याचं नख त्या लोखंडाखाली दोनदा काळंनिळं झालेलं होतं. आता पडद्यावर गोळा दिसत होता, तोंड दिसत होतं, आणि गोळ्यापासून निघालेली एक रेघ स्टिअरिंगबरोबर वळत होती. मामांनी रेघ तोंडावर नेली आणि गाडी मागे घेतली. एका फटक्यात गोळा तोंडाखाली. मामा उतरून बघून आले. परत गाडीत बसले. पुन्हा उतरले आणि गोळ्याला हात लावून बघितला, जसं काही पडदा खोटं बोलत असेल. मग कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "अरे देवा."

आणि त्याच आनंदाच्या भरात ते मामींना म्हणून गेले की आता कॅमेरा आहे, तू घरी थांबलीस तरी चालेल. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात मामींना काढून टाकायचं नव्हतं. आता ऐकू आलं नाही तरी चालेल, कानांचं कोणाला कळणार नाही, हा तो आनंद होता. पण मामींना हे कसं कळावं? त्या आपल्या काळ्या पडलेल्या नखाकडे बघत बसल्या. त्या घरात संध्याकाळपर्यंत तीन शब्दही कोणी बोललं नाही.

होडी सोडायच्या दिवशी मात्र मामी रबरी बूट मांडीवर घेऊन गाडीत येऊन बसल्या.

धक्क्यावर ही गर्दी. मिस्त्री दोर हातात धरून उभा, चेहरा असा की त्याचंच ऑपरेशन आहे. मामी उतरल्या आणि होडीमागे दिसेनाशा झाल्या. मामांनी रिव्हर्स टाकला आणि पडदा उजळला.

ट्रेलर नव्हता. म्हणजे होता, पण धुक्यासारखा, नुसती त्याची कड राहिली होती. एवढी थोरली होडी, मिस्त्रीचं वर्षाचं काम, आणि तिच्या आरपार मामांना उतरण दिसत होती, उतरणीवरचं शेवाळ दिसत होतं, पाणी दिसत होतं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध मामी.

मामांचा पाय ब्रेकवरच राहिला. इतकी वर्षं झाली, पण त्या जागेवर उभी असलेली बायको त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आवाज तेवढा यायचा. त्यांच्या मनातली मामी बाजूला कोरड्या कट्ट्यावर, कमरेवर हात ठेवून, हुकूम सोडत उभी असायची. खरी मामी गुडघाभर पाण्यात होती. तुटक्या कडेवर, अगदी टोकाला. एका पायाने पाण्याखाली चाचपून कड कुठे संपते ते ती बघत होती, आणि नजर ट्रेलरच्या चाकावर. स्वतःच्या पायापासून चाक किती लांब आहे, त्यावरून ती ओरडत होती. चाक चुकून तिकडे आलं तर आधी तिच्यावरच येणार; गेल्या हंगामात ती कशी वाचली तेच नवल. हे ती प्रत्येक होडीला करत आली होती. कॅमेऱ्याची जादू त्यांनी लेकीच्या तोंडून ऐकली होती, पण ही आपल्याच घरातली गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

'ऊ दे' असा आवाज आला. पडद्यावर मामी हाताने बोलावत होत्या. मामांनी गाडी हळूहळू मागे घेतली. 'ऊ दे, ऊ दे.' पडद्यावरच्या रेघा सरळ होत्या, वाट मोकळी होती. पुन्हा आवाज आला, अगदी तसाच, 'ऊ दे', आणि मामांचा पाय सवयीने ब्रेकवरून उचललाही गेला.

पण पडद्यावर मामींचा तळवा उभा होता. हात ताठ, तोंड मोठ्ठं उघडलेलं. 'ये' म्हणताना तोंड एवढं उघडत नाही.

कान म्हणत होता येऊ दे. डोळा म्हणत होता राहू दे. मामांनी जोरात ब्रेक दाबला. पाण्याखालची तुटकी कड त्या रेघांना दिसत नव्हती, ती फक्त एका पायाला कळत होती. मामांनी गाडी थोडी पुढे घेतली, ट्रेलर सरळ केला आणि पुन्हा मागे घेऊ लागले, या वेळी रेघांकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघत. हात बोलावत राहिला. मग होडीखालचं पाणी वर आलं, होडी हलली, जराशी डुलली आणि ट्रेलरवरून अलगद सुटून तरंगू लागली. मिस्त्रीने डोळे पुसले आणि दोर सोडायचा विसरला.

मामी निथळत खिडकीपाशी आल्या. मामांनी काच खाली केली.

"हात कधीपासून करतेस?"

"तुमच्या कानांचं लक्षात आलं तेव्हापासून."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मामा म्हणाले, "अगं, पण तो मला दिसायचा नाही."

"माहीत होतं. पण हात गप्प बसायचा नाही."

मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात, पण त्या दिवशी मामा मुद्दाम मोठ्याने बोलले, धक्क्याच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं. "गेल्या हंगामात ही राहू दे म्हणाली होती. मला येऊ दे ऐकू आलं. माझे कान गेलेत. होडी मी फोडली, हिने नाही."

मामी लाजल्या. त्यांनी एकदा तरंगणाऱ्या होडीकडे पाहिलं, एकदा मामांकडे.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या.

ओरडल्या नव्हत्या, तरी मामांना लख्ख ऐकू आलं. आता हे गाडीला म्हणाल्या की त्या गोष्टीला, ते काही कळेना. मामांनी गिअर टाकला आणि रिकामा ट्रेलर पाण्याबाहेर काढला. पडद्यावर मामी मागून चालत येत होत्या, पाण्याने भरलेले बूट हातात घेऊन, अनवाणी. मामांनी गाडी अगदी सावकाश चालवली, म्हणजे त्या चित्रातून बाहेर जाणार नाहीत.