देवरावजींचा बिननावाचा कूलर

श्री. देवरावजी इंगळे यांची नि माझी पहिली गाठ भांडणातून पडली. जठारपेठेत माझे कूलरचे दुकान छान चालले होते आणि त्यांनी बरोबर समोर आपले दुकान थाटले. मी तडक जाऊन विचारले, "अख्ख्या अकोल्यात दुसरी जागा नाई भेटली तुमाले?" ते हसून म्हणाले, "बसा भाऊ, चहा सांगतो." तो चहा मी प्यायलो, याचा राग मला आजही आहे.

आता त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. सत्कार समितीने गौरवलेख माझ्याकडे मागितला, कारण म्हणे त्यांना सर्वांत जास्त मीच पाहिले आहे. खरे आहे. गिऱ्हाइकांपेक्षा मी त्यांच्याच दुकानाकडे बघत आलो.

दर उन्हाळ्यात देवरावजी दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात आपल्या हातचे कूलर फुकट बसवतात. पाणी झिरपणाऱ्या गवताच्या ताट्याही स्वतः बदलतात. नाव कुठेच लिहीत नाहीत, तरी सारे गाव त्यांनाच दुवा देते! माझा नुसता जळफळाट होई. एका वर्षी मीही एक कूलर दिला. पत्र्यावर लाल अक्षरांत माझे नाव रंगवून घेतले. पण खिडकीत बसवला की कूलरचे धूड बाहेर राहते. माझे नाव दवाखान्यामागच्या बाभळीलाच दिसले असते. म्हणून मी तो खोलीच्या मधोमध ठेवला आणि फोटो काढून घेतला. जन्मभर कूलर बनवणाऱ्या माणसाने हे करावे! बाहेरची कोरडी हवा मिळेना, खोलीत सगळी दमट वाफ कोंडली. बाळंतिणी घामाने चिंब, तान्ही लेकरे रडून लाल.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर देवरावजी माझा कूलर खिडकीत बसवून स्क्रू आवळत होते. मला मान वर करवेना. ते एवढेच म्हणाले, "नाव बाहेर गेलं भाऊ, पन हवा आत आली." ही गोष्ट त्यांनी जठारपेठेत कोणालाही सांगितली नाही. सांगितली असती, तर मला त्यांच्याशी उघड भांडता तरी आले असते.

मला देवरावजींचा हेवा वाटतो. हे लिहितानाही वाटून राहिला आहे. तरी त्यांनी शंभरी गाठावी, हातपाय ठणठणीत राहावेत, असे मी मनापासून मागतो, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. दोन वर्षांनी माझी पंचाहत्तरी येते. समिती माझ्यावरचा लेख मागायला समोरच्याच दुकानात जाणार. आणि मला पक्के ठाऊक आहे, बाभळीकडे तोंड केलेल्या माझ्या नावाबद्दल ते एक अक्षरही लिहिणार नाहीत.