उमरेडहून आलेला कॉम्प्युटर

कॉलेज संपल्यावर मला पहिली नोकरी लागली ती नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर. तिथे कॉम्प्युटर जोडायचे आणि गावोगावी पाठवायचे. पेपरात जाहिरात यायची; खालचं कुपन कापून बँकेच्या ड्राफ्टसोबत टपालात टाकलं की खोका घरपोच. लहान गावांत तेव्हा कॉम्प्युटरचं दुकान कुठलं असायला? माणसं न पाहिलेली वस्तू भरवशावर मागवायची. कंपनी चालवणारे तिशीतले इंजिनीअर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. प्रत्येक मशीन ते स्वतः एकदा सुरू करून बघायचे आणि मगच खोका बंद करू द्यायचे.

माझं काम फोनवरचं. खोका पोचला की गिऱ्हाईक फोन करायचं, आणि कोणती वायर कुठे लावायची ते मी सांगायची. अशाच एका फोनवर उमरेडच्या मावशी भेटल्या. त्यांच्या घरी दोन हातमाग होते. नवरा विणायचा आणि त्या साडीच्या किनारीची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायच्या. खोडून खोडून कागद फाटतो, कॉम्प्युटरवर फाटत नाही, असं कुठल्याशा शिबिरात ऐकून त्यांनी आमच्याकडे मागणी नोंदवली होती. माउस हातात धरायला त्यांना आठवडा लागला. मग अडचण नसतानाही फोन यायला लागले. आज मोरपंखी रंग भरला, आज कोयरी वाकडी झाली, एवढंच सांगायला. मी ऐकत राहायची. दादा बाजूने जाताना विचारायचे, उमरेड का? आणि हसून पुढे जायचे.

कंपनी भराभर वाढली. हिंगणा रोडला शेड घेतली, फोनवर आम्ही सहा जणी झालो. पण ते दिवस फार टिकले नाहीत. मोठ्या कंपन्यांचे लॅपटॉप आमच्या सुट्या भागांपेक्षा स्वस्त मिळू लागले. पुढे लोक इंटरनेटवरूनच मागवायला लागले. कुपनं यायची थांबली. एकेक जण दुसरीकडे लागला, शेड सोडली, आणि शेवटी वरचा मजलाही रिकामा झाला. दादांनी कंपनीचा नंबर माझ्या मोबाइलवर वळवून दिला. म्हणाले, "लोकांचे फोन येतील. कोणीतरी बोलावं त्यांच्याशी." त्यानंतर ते घराबाहेर पडेनासे झाले.

काही महिन्यांनी मावशींचा फोन आला. मशीन सुरूच होत नव्हतं. कंपनी बंद झाल्याचं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग नागपूरलेच घेऊन येऊ का वं?"

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने आल्या. आम्ही पाठवलेला खोका त्यांनी इतकी वर्षं जपला होता. त्यातच मशीन घालून आणलं. मी त्यांना ऑटोने दादांच्या घरी नेलं. दाढी वाढलेल्या दादांनी दार उघडलं. सामान उरलेलं नाही, आता आपण हे काम करत नाही, असं ते जमिनीकडे बघत सांगू लागले.

"दुकान बंद झालं ते या पोरीनं सांगितलं मले," मावशी म्हणाल्या. "मी दुकानात नाही आली. तुमच्या घरी आली."

दादा बाजूला झाले. आत येऊन त्यांनी मशीन उघडलं. पोटात मागावरच्या सुताची रुई गच्च बसली होती आणि पॉवर सप्लाय जळला होता. ब्रशने ती काढताना त्यांनी घरची चौकशी केली. मावशींनी सांगितलं की दोन मागांपैकी एक विकला, नवरा कोळशाच्या खाणीच्या गेटवर पहाऱ्याची पाळी करतो आणि सुटीच्या दिवशी विणतो.

"मग नक्षी अजून काढता?" दादांनी विचारलं.

"एक माग आहे नं अजून. किनार तर काढाच लागते."

दादा उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय काढून आणला आणि मावशींच्या मशीनला बसवला. पडदा उजळला. मावशींनी एकेक किनार उघडून दाखवली. दादा खुर्ची ओढून जवळ बसले, ही कोयरी आधी की हा पोपट, असं विचारत राहिले. चहा करायचं कोणाला सुचलंच नाही. शेवटी मीच त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. बाहेरून दादांचं हसणं ऐकू आलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

त्या आठवड्यात दादांनी मला फोन केला आणि विचारलं, जुन्या गिऱ्हाइकांना कळवशील का, दुरुस्ती करून देतो म्हणून? आता मनीषनगरात त्यांचं दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. कंपनीसारखं ते कधी वाढलं नाही. पण चालतं.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघं उमरेडला गेलो. मावशींनी दादांना आग्रहाने मागावर बसवलं. त्यांनी आडवं सूत नेणारा धोटा जरा जोरातच फेकला आणि सूत तुटलं. दादा ओशाळले. मावशींचे यजमान शेजारी येऊन बसले, दोन टोकं बोटांत धरून त्यांनी गाठ मारली आणि म्हणाले, "तुटतेच गा. मारा पुन्हा."