बिनकोळशाची बाळंतखोली

आमच्या शिरूरच्या घराची मागची भिंत आमच्या व्याह्यांनी पाठ टेकल्यामुळे पडली.

यात व्याह्यांचा दोष नाही. माणूस दौंडहून एसटीच्या मागच्या बाकड्यावर आदळत येतो, त्याला पाठ टेकावीशी वाटणारच. दोष भिंतीचाही नाही. ती मातीची होती, आणि मातीची भिंत ओली झाली की जे करते तेच तिनं केलं. दोष व्यवस्थेचा आहे! (त्या काळात मी कोणत्याही गोष्टीचा दोष आधी व्यवस्थेला देत असे, आणि वेळ उरला तर मग कारण शोधत असे.)

त्या हिवाळ्यात घोड नदीवरून असा गारठा यायचा की सकाळी नळाखाली धरलेली कळशी हातातून सुटायची. रॉकेल रांगेत उभं राहूनही मिळत नव्हतं, आणि कोळशाच्या वखारीचा मालक गिऱ्हाईक बघून भाव सांगायचा. स्वेटर घालून आलं तर एक भाव, कुडकुडत आलं तर दुसरा, चढा. मी पेटलो. (पेटायला मला कोळसा लागत नसे.) ‘थंडीच्या व्यापाऱ्यांनो, खबरदार!’ असं पत्रक मी लिहिलं, छापून घेतलं, वाटलं, आणि चौकात बाकड्यावर उभं राहून जाहीर केलं की भावाचा फलक दाराशी लागत नाही तोवर या वखारीतला एक खडाही माझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या कानात घेऊन मी घरी आलो, तर आई म्हणाली, “कोळसा आणलास का? आक्काला कळा सुरू झाल्यात.”

आक्का माझी थोरली बहीण. दौंडला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आमच्याकडं बाळंतीण बाजेवर निजते आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. निखाऱ्यांवर ओवा टाकायचा आणि सव्वा महिना आईनं आणि लेकरानं त्या उबेत पडून राहायचं. शेगडीशिवाय बाळंतीण म्हणजे वऱ्हाडाशिवाय लग्न! मी आईला माझ्या जाहीर प्रतिज्ञेची पार्श्वभूमी समजावून सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली.

“मग तुझा शबुद ठेव बाजंखाली,” ती म्हणाली. “बघू किती शेक लागतोय.”

मुलगी झाली. गुटगुटीत, आणि पहिल्या दिवसापासून माझ्यासारखीच घोषणा देणारी. आईनं घरात होत्या नव्हत्या त्या गोवऱ्या पेटवल्या. धुरानं आक्काचे डोळे सुजले, बाळ खोकायला लागलं, आणि गोवऱ्याही संपल्या. तेवढ्यात दौंडहून विहीणबाईंचा निरोप आला. नामकरणाला येतो, खोली उबदार नसली तर सून आणि नात दोघींना परतीच्या गाडीनं घेऊन जातो. त्यांचंही बरोबर होतं. आक्काचे सासरे रेल्वेच्या इंजिनावर फायरमन. त्यांच्या क्वार्टरात इंजिनाच्या राखेतला अर्धाकच्चा कोळसा बारा महिने धुमसत असायचा. दौंडात थंडी पडते हे त्या घराला ऐकूनच ठाऊक होतं.

निरोप ऐकून आक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा हळूच म्हणाली, “मला एवढ्यात न्हाई जायाचं रे. तितं ऊब हाय, पर झोप न्हाई. दिसरात गाड्यांचं शंटिंग, आन् मामंजींची ड्युटी निघंल तवा डबा. लगीन झाल्यापासनं मी पोटभर निजले न्हाई. सव्वा महिना निजू द्या मला. मग इंजिनात बसवा.”

“तुला कुणी हलवत नाही,” मी म्हणालो. “खोली मी उबदार करतो. बिनकोळशानं.”

कशी, ते मला ठाऊक नव्हतं. पत्रकं लिहिणाऱ्याचं असंच असतं. मागणी आधी, मार्ग मागाहून.

मार्ग मला तळेगाव ढमढेऱ्याच्या एका शिबिरात सापडला होता, फक्त तो मार्ग आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. शेतकी खात्याच्या एका माणसानं तिथं कंपोस्ट खतावर भाषण केलं होतं. ओलं पाचट आणि शेण यांचे थर देऊन ढीग रचला की तो आतून आपोआप तापतो, असं तो म्हणाला. भाषणाआधी त्यानं ढिगात अंडी पुरली होती. भाषण संपल्यावर ती काढून, सोलून, मीठ लावून खाल्ली. भाषण मी विसरलो होतो. अंडी विसरलो नव्हतो.

झालं! ऊस तोडल्यावर शेतात जी वाळकी पानं उरतात ते पाचट शेतकरी काडी लावून जाळून टाकतात. मागितलं तर फुकट देतात, वर चहा पाजतात. बैलगाडीभर पाचट आणलं, गोठ्यागोठ्यांतून शेण गोळा केलं, आणि घराच्या मागच्या भिंतीला लागून, थेट वळचणीपर्यंत, ढीग रचला. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. एवढ्या शेणाच्या गोवऱ्या थापल्या असत्या तर निम्मा हिवाळा निघाला असता, असं तिचं म्हणणं. शेण जाळणं म्हणजे देशाची शेती जाळणं, असं माझं. शेवटी ती एवढंच म्हणाली की पाणी बेतानं घाल, भिंत मातीची हाय. मी हसलो. प्रत्येक नव्या विचाराला आपल्याकडं असाच विरोध होतो.

सुरुवातीला फक्त वास आला. वस्तीतल्या बायका नाकाला पदर लावून जायच्या, आणि त्यातली एक मला विचारून गेली की हे पत्रक कुठल्या विषयावर आहे. पण एका सकाळी आई भिंत सारवायला गेली, तिनं भिंतीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

“आगं बया,” ती म्हणाली. “भिताडाला ताप आलाय.”

ती ऊब शेगडीसारखी नव्हती. शेगडी एका अंगानं भाजते आणि दुसऱ्या अंगाला थंडी चावत राहते. ही ऊब कुठून येते ते कळतच नसे. निवांत रवंथ करणाऱ्या म्हशीच्या कुशीला टेकून बसल्यासारखं वाटायचं. पाठीतून आत शिरायची, खांद्यांत साकळायची, आणि मग कुणीतरी पापण्यांवरून मोरपीस फिरवतंय असं व्हायचं. सकाळी ढिगावरून पांढरी वाफ उठायची, कोवळ्या उन्हात छपरावरून तरंगत जायची, आणि लांबून आमचं दोन खोल्यांचं घर असं दिसायचं की आता दोर सुटेल आणि हे सावकाश नदीकडं निघून जाईल. आक्का निजली. बाळ निजलं. बाळानं घोषणा देणं सोडून दिलं, आणि नुसतंच मधूनमधून, स्वतःशीच, झोपेत हसायला लागलं.

बातमी वस्तीत पसरली. मागची भिंत दोन्ही खोल्यांना एकच, त्यामुळे बायका आक्काच्या खोलीत आणि बाप्ये बाहेरच्या खोलीत, अशी आपोआप वाटणी झाली. बाळाची विचारपूस करायला यायचं, “जरा टेकतो” म्हणायचं, आणि संपलं! शेजारचे म्हातारे आप्पा तर भाकरी बांधूनच यायचे. जागे झाले की ते स्वप्न सांगत. बैलगाडीत बसून आभाळातनं तळेगावच्या बाजाराला चाललोय, खाली सगळा ऊस तुऱ्याला आलाय, आन् बैलांच्या गळ्यात घुंगरं हायती पर वाजत न्हाईत. दुसऱ्या दिवशी एक गवंडी उठून डोळे चोळत म्हणाला की त्याच गाडीत मागं मी बसलो होतो. पुढंपुढं तर एकाचं स्वप्न दुसरा पुढं चालवायचा. बाजार मात्र कुणालाच गाठता आला नाही, कारण मध्येच कुणाची तरी बायको जेवायला हाक मारायची.

वखारीवरच्या मोर्च्याची बैठक मी याच खोलीत बोलावली. (माझं संघटनकौशल्य!) “मित्रहो, ही वेळ झोपण्याची नाही,” इथून मी सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदाला खजिनदार घोरायला लागला. दुसऱ्याला कार्यकारिणी. तिसरा परिच्छेद मी वाचला की नाही ते सांगता येत नाही, कारण मला जाग आली तेव्हा पत्रक माझ्या छातीवर होतं आणि आप्पा मला सांगत होते की तू आत्ता गाडीत पुढं बसला होतास. तिकडं वखारवाला अर्धं दार लावून मोर्च्याची वाट बघत दिवसभर ताटकळला म्हणे.

नामकरणाचा दिवस आला. पाहुण्यांसाठी भिंत चांगली तापायला हवी म्हणून मी पहाटेच ढिगावर हात सैल सोडून पाणी ओतलं. पाण्यानं ढीग तापतो, तर जास्त पाण्यानं जास्त तापेल. हा हिशेब कुणालाही पटेल असा होता.

विहीणबाई आल्या त्या थेट आक्काच्या खोलीत. वाकून बाजेखाली बघितलं.

“शेगडी कुटं हाय?”

मी घसा साफ करून म्हणालो, “मामी, त्याचं असं आहे, शेण जाळणं म्हणजे…” पण तोवर त्यांचा हात भिंतीला लागला होता. मग दुसरा लागला. मग त्या खाली बसल्या, “जरा टेकते” म्हणाल्या, आणि माझं वाक्य अर्धंच राहिलं.

बाहेरच्या खोलीत मामा, म्हणजे आक्काचे सासरे, ताठ बसले होते. उभा जन्म इंजिनावर गेलेला माणूस. पुढून भट्टी, मागून वारा. कुठं भांडं पडलं तरी ते दचकून डबा चाचपायचे. आप्पांनी त्यांना शेजारी जागा करून दिली. मामांनी आधी एक खांदा टेकला. मग दुसरा.

धाडकन वगैरे काही झालं नाही. भिंत पडली असं म्हणणंही बरोबर नाही. भिंत निजली. मामांच्या पाठीमागचा दाराएवढा तुकडा सावकाश बाहेर कलला, ढिगावर आडवा झाला, आणि त्याच्यावर मामा. पाय घरात, बाकीचे परसात. शेजारचे आप्पा होते तिथंच टेकून राहिले. झोपेतच म्हणाले, “गाडी उताराला लागली.”

भगदाडातून नदीचं वारं आत आलं तशा विहीणबाई जाग्या झाल्या. बाहेर येऊन त्यांनी भगदाडाकडं बघितलं, भगदाडातल्या आपल्या नवऱ्याकडं बघितलं, आणि माझ्याकडं बघितलं. मग मागं वळून म्हणाल्या, “सूनबाई, बोचकं बांध. ज्या घराला भिंत न्हाई तितं माझी नात ऱ्हायाची न्हाई.”

आक्का उठली. दोरीवरची बाळाची दुपटी काढून एकेक घडी घालायला लागली, अगदी हळू, जणू तेवढाच वेळ माहेरात उरला होता. अशा वेळी कुठली घोषणा द्यायची असते ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

विहीणबाई भगदाडातून वाकल्या. “अवं, उठा. चला.” खांदा हलवायला त्यांनी हात पुढं केला आणि तो तसाच थांबला. त्या उकिडव्या बसल्या. कितीतरी वेळ बसून राहिल्या. शेवटी आई भीत भीत जवळ गेली.

“लागलंय का कुटं?”

“न्हाई,” विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. “हात बघा त्यांचं. घरात झोपंत बी कोळसाच ओढत्यात. सारखं फावडं मारल्यावानी. लगीन झाल्यापासनं मी त्या हातांचा मार खाती अंथरुणात.” मामांचे दोन्ही हात पाचटावर उघडे पडले होते. हलत नव्हते. “आज थांबल्यात,” त्या म्हणाल्या. आणि मग, मान न वळवता, “सूनबाई, सोड ते बोचकं.”

नामकरण आम्ही कुजबुजत केलं. त्रिशरण इतक्या हळू म्हटलं की मंडळींना ते ओठांवरून ओळखावं लागलं. बाळाचं नाव सुजाता ठेवलं. दिवे लावायच्या सुमाराला मामा केसांत पाचट घेऊन उठून बसले.

“कुठलं ठेसन आलं?”

“शिरूर,” आई म्हणाली.

“शिरूरला ठेसन कवा झालं?”

आक्का सव्वा महिना राहिली आणि पोटभर निजली. पण मामांनीही रजेचा अर्ज धाडला आणि तेही राहिले, विहीणबाईही राहिल्या. आक्का खाली भिंतीशी अंथरूण टाकायला लागली, उरलेल्या भिंतीवर पाहुणे आणि आप्पा, आणि भगदाडाला मी पोती लावून दिली. घरात आता मला सोडून सगळ्यांना जागा होती. ढीग वरचेवर खालीवर करावा लागतो, कुत्री उकरतात, शिवाय पाणी बेतानं घालायला शहाणा माणूस लागतो, असं ठरवून मला परसात पाठवण्यात आलं. भिंत आतून तापते. बाहेरून राखणाऱ्याला फक्त वास मिळतो. चार दिवसांत माझी छाती भरली, अंगात ताप चढला, आणि आईनं मला उचलून घरात आणलं.

मग ती डोक्यावर टोपलं घेऊन वखारीत गेली. माझ्यादेखत कोळशानं उंबरा ओलांडला. बाज मोकळीच होती. मला तिच्यावर निजवलं, कानाला फडकं बांधलं, खाली शेगडी ठेवली आणि निखाऱ्यांवर मूठभर ओवा टाकला. तेवढ्यात पलीकडच्या आळीतल्या एक मावशी बाळंतिणीला बघायला आल्या. धुरात त्यांना बाज दिसली, बांधलेले कान दिसले. मायेनं माझ्या पायावर हात ठेवून त्या आईला म्हणाल्या, “सुटली का नीट? काय झालं?”

“मुलगा,” आई भाकरी थापता थापता म्हणाली. “बावीस वर्सांचा.”

मी आईला फक्त खुणेनं सांगितलं की शेगडीत अजून दोन कोळसे टाक.