जागा धरायला गेलेला माणूस

आमच्याकडं एसटीत बसायची एक रीत आहे. गाडी लागली की घरातल्या एकानं आधी घुसून जागा धरायची, बाकीच्यांनी पिशव्या घेऊन मागून सावकाश चढायचं. पांढरकवड्याच्या स्टँडवर हे काम लग्नापासून आमच्या ह्यांचं. मी कधी धक्के खाल्ले नाहीत, खोटं कशाला बोलू!

गेल्या वर्षापासून मात्र ह्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग एक दिवस केळापूरच्या देवळातून घरी यायची वाट. "वय झालं, दुसरं काय?" असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. स्वतःलाही तेच सांगायची. शेवटी मुलानं ऐकलं नाही. त्यानं नागपूरच्या डॉक्टरकडं नंबर लावला आणि फोनवर म्हणाला, "आई, नागपूरला एसटीतून उतरलात की पुढं मेट्रोनं या. शेवटच्या स्टेशनावर मी उभा राहतो."

ती नवी विजेची गाडी आली तेव्हा मला पत्ताच लागला नाही. आवाज नाही, हॉर्न नाही. मी पिशवी उचलायला वाकले आणि तेवढ्यात "मी जागा धरतो" म्हणत हे आत!

"अवो, थांबा!"

दारं आपोआप मिटली. मी काचेवर थापा मारल्या. एसटी असती तर कंडक्टरच्या नावानं बोंब ठोकली असती, त्यानं घंटी मारली असती. इथं बोंब ठोकायची कोणाच्या नावानं? आतून ह्यांनी मला हात केला, ये म्हणून. आणि गाडी निघून गेली. ह्यांचा फोन माझ्याच पिशवीत. हरवतात म्हणून मीच ठेवून घेतला होता. मोठी शहाणी मी!

फलाटावरची गार्ड पोरगी धावत आली. "मावशी, घाबरू नका. पुढं कळवते, उतरवून घेतील. कपडे कोणते आहेत?"

"पांढरा सदरा," मी म्हटलं. आणि जे आजवर सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी पोरीला सांगून टाकलं. "बाई, त्याइले काही आठवत नाही वं. पत्ता नाही सांगता येणार त्याइले." मग रडूच कोसळलं.

ती वॉकीटॉकीवर बोलत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "सापडले, मावशी. दोन स्टेशनं पुढं बाकावर बसवून ठेवलंय."

पुढच्या गाडीत गारेगार होतं, सीटा रिकाम्या होत्या, पण मी दाराशीच उभी. उठून चालायला लागले असतील तर? जिना उतरून रस्त्यावर गेले असतील तर? देवा, एवढ्या मोठ्या शहरात मी कोणाला विचारू? गाडी पळत होती तरी मला ती ढिम्म वाटत होती.

दार उघडलं. हे समोरच बाकावर, अगदी ठणठणीत. जीव भांड्यात पडला आणि लगेच असा संताप आला म्हणता! तणतणतच जवळ गेले.

ह्यांनी वर पाहिलं. छान हसले आणि थोडे बाजूला सरकले.

"बसा ना, बाई. माही घरवाली मांगून येऊन राह्यली. तिचीच वाट पाहून राह्यलो."

पिशवी खाली ठेवली. मी त्यांच्या शेजारी बसले.

"येईल हो," म्हटलं.