पाल्याखालची माती

बागेत आलेल्या माणसाला दामूतात्या आधी मातीचा वास घ्यायला लावायचे. आंब्याखालच्या पाल्यात हात घालायचे, मूठभर माती काढायचे आणि थेट नाकाशी धरायचे. "घे वास. पाऊस जाऊन किती दिस झाले, तरी ओल हाय का नाय?"

मुरबाडकडच्या त्या उतारावर त्यांचा-माझा बांधाला बांध. आमच्याकडे पाला गोळा करतात तो राब भाजायला, म्हणजे भाताची रोपं टाकायची जमीन भाजून घ्यायला. तात्या मात्र पाला, पेंढा, उपटलेलं तण, सगळं आंब्याचिकूंच्या बुंध्याभोवती पसरायचे. लोक हसले की म्हणायचे, "आपण चैतातल्या उन्हात उघडं बसतो का रे? मंग मातीला कशाला बसवायची?" तिथला मुरूम पूर्वी पहारीलाही दाद देत नसे. काही वर्षांत वरची माती काळसर, भुसभुशीत झाली, गांडुळं आली. उन्हाळ्यात माझी कलमं माना टाकत, त्यांची हिरवीगार असत.

गेल्या मार्गशीर्षात शहापूरहून माझे मेहुणे आले होते. त्यांना बाग दाखवताना तात्यांनी नेहमीसारखा पाल्यात हात घातला. कुकरच्या वाफेसारखा फूत्कार ऐकू आला. हात वर आला तेव्हा त्याला घोणस लटकत होती.

मी जागचा हललोच नाही. तात्यांनीच हात झटकला, खाली बसले आणि शांतपणे म्हणाले, "घोणस हाय. गाडी काढ."

दवाखान्यात लगेच इंजेक्शनं सुरू झाली, मोठ्या इस्पितळातही हलवलं. पण मूत्रपिंडं बंद पडली आणि तात्या गेले. डोळ्यांदेखत घडूनही मला ते खरं वाटत नव्हतं. जेवताना ताटावर तो वर येणारा हात दिसायचा.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांच्या मुलानं, महेशनं, बागेतला सगळा पाला ओढून ढीग केला. जाळून टाकणार होता. मलाही ते बरोबरच वाटत होतं. तेवढ्यात महेशच्या आई, काकी, काठी घेऊन आल्या. त्यांनी महेशच्या हातातली काडेपेटी काढून घेतली.

"साप पाल्यात होता," त्या म्हणाल्या. "झाडांनी काय केलंय?"

काकी काठीनं ढीग हलवायच्या, थांबून कानोसा घ्यायच्या, मग बुंध्यापासून वीतभर जागा सोडून पाला पसरायच्या. दिवस मावळेपर्यंत एकही झाड उघडं राहिलं नव्हतं.